वीजबचत : घरातली आणि मागणीपत्रातली

(रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या कुटुंब मेळाव्यातील भाषण)



आज वीजबचतीवर बोलायचे आहे हे कळताच एका भगिनीने मला दारातच अडवले. म्हणाल्या, "भाऊ, पंखा बंद करा असे सांगणार असाल तर बोलूच नका. आमचे हे रात्रपाळी करून येतात आणि दिवसा झोपतात." त्यांचे म्हणणे अगदी रास्त आहे. रात्रभर गाडी चालवून आलेल्या किंवा आर.एम.एस.मध्ये रात्रभर टपालाचे सॉर्टिंग करून आलेल्या माणसाची दिवसाची झोप ही चैन नव्हे. लोको पायलटच्या त्या झोपेवर गाडीतल्या प्रवाशांचा जीव अवलंबून असतो. तेव्हा सुरुवातीलाच सांगतो, पंखा चालूच ठेवा. घाम गाळून केलेल्या काटकसरीला मी बचत म्हणत नाही. तेवढाच वारा, तेवढाच उजेड, पण कमी युनिटांत, ही खरी बचत.

आता थोडा हिशेब करू. हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉटचा असतो. तो रोज १५ तास चालला तर महिन्याला सुमारे ३४ युनिट जळतात. बी.एल.डी.सी. मोटरचा नवा पंखा ३० वॉटच्या आसपास घेतो. त्याला तेवढ्याच तासांना साडेतेरा युनिट पुरतात. म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचले. वर्षातले दहा महिने पंखा चालतो असे धरले तर २०० युनिट झाले. युनिटला ८ रुपये धरा, म्हणजे १,६०० रुपये. पंख्याची किंमत अडीच-तीन हजार असली तरी दोन वर्षांच्या आत ती वसूल होते.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. बहुतेक राज्यांत घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. म्हणून आपण वाचवतो ते युनिट सर्वांत वरच्या टप्प्यातले, म्हणजे सर्वांत महाग असतात. बिल हाती आले की आकडा पाहून कपाळाला हात लावण्याआधी कोणत्या टप्प्यात किती युनिट पडले ते वाचा.

भिंतीवरचा जुना डब्यासारखा रेग्युलेटर हात लावला तर गरम लागतो. पंखा हळू केल्यावर जी वीज वाचली असे आपल्याला वाटते, तिचा मोठा भाग त्या डब्यातच उष्णता होऊन जातो. त्या जागी इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवा. दोन हजार वॉटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. तो लावून बाजारात जाऊ नका. फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावा. कागद सहज निघाला तर रबर सैल झाले आहे, ते बदला. टी.व्ही.चा सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आठ-दहा वॉट घेतच राहतो. महिन्याकाठी पाच-सहा युनिट फुकट जातात. त्याचे बटण भिंतीवर बंद करा. आणि नवीन वस्तू घेताना तारे मोजून थांबू नका, लेबलावरचे वर्षही पाहा. निकष अधूनमधून कडक होतात. जुन्या वर्षाचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांच्या बरोबरीचे असतीलच असे नाही.

हे झाले घरातले. पण नवा पंखा, नवा फ्रिज घ्यायचा तर आधी खिशात हात घालावा लागतो, आणि महिनाअखेरीला खिशात काय असते हे तुम्हाला मी सांगायला नको. इथेच वीज कंपन्यांच्या सवलतींचा प्रश्न येतो.

ही कल्पना आपल्या देशाला नवी नाही. २००५ च्या सुमारास बंगळुरूमध्ये बेस्कॉमने आणि नाशिकमध्ये महावितरणने सी.एफ.एल. दिवे ग्राहकांना दिले आणि पैसे बिलातून हप्त्यांनी घेतले. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१० साली मागणी व्यवस्थापनाचे विनियम केले. मुंबईत आणि दिल्लीत वीज कंपन्यांनी जुनी उपकरणे घेऊन नवी, कमी वीज खाणारी उपकरणे सवलतीत देण्याच्या योजना राबवल्या. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि तिच्यातून ३६ कोटींहून अधिक एल.ई.डी. दिवे घरोघर गेले.

साथींनो, उजाला योजनेतली एक गोष्ट आपण कामगारांनी नीट पाहावी. २०१४ च्या सुरुवातीला एका दिव्याची खरेदी किंमत ३१० रुपये होती. २०१६ मध्ये ती ३८ रुपयांवर आली. तंत्रज्ञान सुधारले हे खरे; पण कोट्यवधी दिव्यांची एकत्र मागणी नोंदवून निविदा काढल्या, हेही तितकेच मोठे कारण. एकट्याने दुकानात घासाघीस केली तर पाच-दहा रुपये सुटतात. सर्वांनी मिळून मागितले तर भावच खाली येतो. युनियन म्हणजे दुसरे काय असते?

वीज कंपनी सवलत देते ती धर्मादाय म्हणून नव्हे. संध्याकाळच्या वेळी महाग वीज विकत घेण्यापेक्षा ग्राहकाचा वापर कमी करणे तिला स्वस्त पडते. शिवाय आयोगाने मंजूर केलेल्या अशा योजनांचा खर्च वीजदरातूनच वसूल होतो. म्हणजे तो आपल्याच पैशांतून चालतो.

मग या सवलती आपल्यापर्यंत पोचतात का? सवलत मिळते ती ज्याच्या नावावर मीटर आहे त्याला. अनेक वसाहतींत वीज कंपनीचा ग्राहक प्रशासन असते आणि क्वार्टरमधल्या विजेचे पैसे आपल्या पगारातून कापले जातात. पैसे आपण देतो, पण कंपनीच्या वहीत आपले नाव नाही. ग्राहक क्रमांकच नसेल तर सवलतीचा अर्ज भरायचा कसा?

तीच गत छतावरच्या सौर विजेची. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पी.एम. सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किलोवॉट किंवा अधिकला ७८ हजार रुपये केंद्राचे अनुदान ठेवले गेले. तिची नोंदणी करायला दारोदार कोण गेले? आमचे पोस्टमन बांधव. चाळीत नाही तर भाड्याच्या खोलीत राहणारा पोस्टमन दुसऱ्यांच्या छपरांची नोंद करून आला; त्याच्या स्वतःच्या मालकीचे छप्परच नाही. निवृत्त होऊन सहकारी सोसायटीत राहणाऱ्या बांधवांनी मात्र एक लक्षात ठेवावे. सोसायटीच्या सामायिक विजेसाठीही या योजनेत किलोवॉटमागे १८ हजार रुपयांची तरतूद आहे. वार्षिक सभेत हा विषय मांडा.

म्हणून मी तीन गोष्टी सुचवतो. पहिली, जिथे क्वार्टरमधले पंखे प्रशासनाचे आहेत तिथे जुना पंखा बदलताना कमी विजेचाच पंखा बसवावा, ही मागणी शाखेच्या मागणीपत्रात घाला. आपल्या स्थानकांत एल.ई.डी. दिवे लागले, तीच दृष्टी क्वार्टरपर्यंत यावी. दुसरी, प्रत्येक क्वार्टरला स्वतंत्र मीटर आणि वीज कंपनीचा ग्राहक क्रमांक मिळावा. तोवर कंपनीच्या योजनेचा लाभ प्रशासनाने मिळवून राहणाऱ्यापर्यंत पोचवावा. तिसरी गोष्ट कोणाकडे मागायची नाही, आपणच करायची. शाखेने सभासदांची यादी करावी, कोणाला किती पंखे हवेत ते लिहावे, आणि शे-दोनशे पंख्यांचा भाव एकदम ठरवावा. पैसे आपल्या पतपेढीने द्यावेत आणि सभासदाने हप्त्यांनी फेडावेत. महिन्याला जे बिल वाचेल त्यातूनच बराचसा हप्ता निघेल.

मला दारात अडवणाऱ्या भगिनीला माझे हेच उत्तर आहे. ताई, पंखा बंद करू नका. फक्त आज जाताना त्या यादीत तुमचे नाव लिहून जा.