माणूस आणि मुद्दा
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



वादविवाद स्पर्धेची बक्षिसे आताच वाटली गेली. मुलामुलींचे अभिनंदन! मात्र सर्वांत जास्त टाळ्या पडल्या त्या प्रतिपक्षाला मारलेल्या टोमण्यांना. याचा दोष वक्त्यांपेक्षा आपणा श्रोत्यांकडे अधिक जातो.

आपल्या मदरशांतून मन्तिक, म्हणजे तर्कशास्त्र, शतकानुशतके शिकवले गेले. संस्कृत न्यायशास्त्रात फसव्या कारणाला ‘हेत्वाभास’ असा नेमका शब्द आहे. कारण नव्हे, कारणाचा भास! असे भास आपल्या घरात रोज ऐकू येतात. मुलगी दहावी झाली, तिला तालुक्याच्या कॉलेजात घालायचे की नाही, एवढाच प्रश्न असतो. कोणी म्हणते, “अमक्याची मुलगी शिकली आणि बिघडली.” शितावरून भाताची परीक्षा होते खरी, कारण सगळी शिते एकाच हंडीत, एकाच आचेवर शिजलेली असतात. मुली काही एका हंडीत शिजत नाहीत. दुसरे म्हणतात, “मग काय, दीन सोडायचा?” असे कोणी म्हटलेलेच नसते!

पण सर्वांत जुना आजार म्हणजे मुद्दा सोडून माणसाला धरणे. “हे सांगणारा कोण? आधी त्याचे घर बघा.” इमाम गझाली (१०५८–११११) यांनी आपल्या आत्मवृत्तात याचा चांगला समाचार घेतला आहे. रक्त काढण्याच्या तुंबडीत ठेवला म्हणून मध नासत नाही, असे ते सांगतात. आणि जाणता सराफ खोटी नाणी पाडणाऱ्याच्या थैलीतूनही खरे नाणे वेचून घेतो. ग्रहणाचे गणित तत्त्ववेत्त्यांनी मांडले म्हणून ते नाकारणारा माणूस धर्माचेच नुकसान करतो, असेही त्यांनी बजावले आहे.

हाच आजार उलट्या बाजूनेही जडतो. मोठ्या माणसाने सांगितले, की संपले! सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली अलीगढला शिक्षणसंस्था काढली. त्यांच्यावर कुफ्रचे फतवे निघाले. त्यांची धर्मविषयक मते पटतात का, हा एक प्रश्न. मुलांनी विज्ञान शिकावे का, हा दुसरा. अनेकांनी या दोहोंची गाठ मारली. आज आपण सभेत त्यांचे नाव घेऊन म्हणतो, “सर सय्यद म्हणाले, म्हणून शिकावे.” परंतु मुलींच्या शाळांची वेळ अद्याप आलेली नाही, असे त्यांचेच मत होते. केवळ नावावर जायचे, तर आपल्या मुलींना घरी बसवावे लागेल. शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी त्याच अलीगढमध्ये १९०६ साली मुलींची शाळा काढली. सर सय्यदांबद्दलचा त्यांचा आदर त्यामुळे कमी झाला नाही.

विद्यार्थ्यांना एक सांगतो. वडिलांच्या बोलण्यातला हेत्वाभास पकडला म्हणून “तुम्ही जुन्या वळणाचे!” असे म्हणू नका. तोही माणसावरचाच वार आहे. शिवाय कारण फसवे निघाले, तरी भीती खरी असू शकते. वडील शेजारच्या मुलीचे नाव घेतात, पण मनात असतो तो अंधार पडल्यावरचा स्टँडपासून घरापर्यंतचा रस्ता. तेव्हा अदबीने विचारा, “अब्बा, नेमकी काळजी कशाची?” मग शेवटची एस.टी. किती वाजता सुटते, कोणाची सोबत मिळेल, वसतिगृहाला खर्च किती येईल, यावर दोघांना बसून बोलता येईल.