तार कुठे संपते?

(मंडळाच्या डून लेरी येथील स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"टॅब्लेट घ्यायचा झाला तर त्याला इंटरनेट कुठून मिळणार, यावर थोडं बोल," असं कार्यकारिणीने मला सांगितलं. माझ्यानंतर जेवण आहे आणि मसालेभाताचा वास इथपर्यंत येतो आहे. तेव्हा आटोपशीर बोलतो.

या विषयासाठी डून लेरीइतकी योग्य जागा दुसरी नाही. जुलै १८९८ मध्ये या गावाचं नाव किंग्जटाउन होतं आणि इथे शिडाच्या बोटींच्या शर्यती होत्या. चोवीस वर्षांचा गुलिएल्मो मार्कोनी 'फ्लाइंग हंट्रेस' नावाच्या एका छोट्या बोटीवर आपलं यंत्र घेऊन बसला आणि भर समुद्रातून शर्यतीच्या बातम्या बिनतारी संदेशाने किनाऱ्यावर पाठवू लागला. खेळाच्या वार्तांकनासाठी बिनतारी वापरण्याचा हा पहिलाच प्रयोग मानतात. मार्कोनीची आई ॲनी जेमिसन आयरिश, व्हिस्कीवाल्या जेमिसन घराण्यातली. त्यामुळे इथले लोक त्याला निम्मा आपलाच समजतात!

आता गंमत बघा. बोटीवरून निघालेला संदेश बिनतारी यायचा तो बंदरातल्या हार्बर मास्टरच्या घरापर्यंतच. तिथून पुढे डब्लिनच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत तो जायचा साध्या टेलिफोनच्या तारेवरून. माझ्या भाषणाचं सार एवढंच आहे. बिनतारी इंटरनेट म्हणजे सगळा प्रवास बिनतारी नव्हे. तार कुठेतरी संपते आणि तिथून आपल्या हातापर्यंतचा शेवटचा टप्पा तेवढा हवेतून होतो. म्हणून टॅब्लेट घेताना पहिला प्रश्न विचारायचा : आपल्यासाठी तार कुठे संपते?

पहिला पर्याय वाय-फाय. इथे तार आपल्या घरात, राउटरपाशी संपते. हवेतला टप्पा पाच-पंचवीस मीटरचा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी पार होतात, पण त्या पट्ट्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी फार आणि मायक्रोवेव्हही तिथेच लुडबुडतो. ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त, पण भिंत आली की दम लागतो. घरातून फारसा न हलणाऱ्या टॅब्लेटला वाय-फाय पुरेसं आहे. उगाच सिमचे जादा पैसे मोजू नका.

दुसरा पर्याय मोबाईल डेटा. इथे तार टॉवरपाशी संपते आणि हवेतला टप्पा काही किलोमीटरचा असू शकतो. २०१० साली पहिला आयपॅड आला तेव्हाच तो नुसता वाय-फायचा आणि ३जीचा अशा दोन प्रकारांत आला होता. ती निवड आजही तशीच आहे, फक्त ३जीच्या जागी ४जी, ५जी आलं आणि सिमच्या जागी बऱ्याचदा ई-सिम.

तिसरा पर्याय म्हणजे फोनचा हॉटस्पॉट. खिशातल्या फोनलाच राउटर करायचं. नवीन खर्च नाही, पण फोनची बॅटरी भराभर उतरते आणि फोन जिथे जाईल तिथे इंटरनेट जातं. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येतो.

चौथा पर्याय उपग्रह. माझं गाव जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ. तिथल्या आर्वीला १९७१ मध्ये परदेशी दळणवळणासाठी उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. तो उपग्रह साधारण ३६,००० किलोमीटर उंचीवर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागायचा. आता काही उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात, त्यामुळे तो विलंब खूपच कमी झाला. आयफोन १४ वरून थेट उपग्रहाला संकटकालीन संदेश पाठवायची सोय आयर्लंडमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये आली. टॅब्लेटही उद्या त्याच वाटेने जातील असं मला वाटतं. पण तिथेही उपग्रहाकडून आलेला संदेश शेवटी जमिनीवरच्या केंद्रात उतरतो आणि तारेलाच लागतो.

आता हे सगळं प्रत्यक्षात कुठे अडतं ते सांगतो. आमच्या बाबांना ऐकू कमी येतं. फोनवर नुसता आवाज त्यांना पुरत नाही, समोरच्याचे ओठ दिसावे लागतात. म्हणून मोठा पडदा हवा. माझ्या भावाने त्यांना हौसेने टॅब्लेट आणला, तो नेमका नुसता वाय-फायचा. घरात तार आलेलीच नव्हती. मग आईच्या फोनचा हॉटस्पॉट! पण आई शेतात गेली की इंटरनेटही शेतात. दुपारी इकडे मुलगी शाळेत जाण्यापूर्वी आजोबांना हाक मारायची आणि तिकडे आजोबा कोऱ्या पडद्यासमोर चष्मा पुसत बसलेले. शेवटी सिमवाला टॅब्लेट घेतला. आता आजोबा नातीचे ओठ वाचतात, आणि नात मुद्दाम सावकाश मराठी बोलते. तिचं मराठी सुधारलं ते आमच्या रविवारच्या वर्गापेक्षा यामुळेच जास्त!

हे फक्त आमच्याच घरी झालं असं नाही. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' हा स्वस्त टॅब्लेट मोठ्या थाटात जाहीर झाला. त्या पहिल्या आवृत्तीत फक्त वाय-फाय होतं. ज्या मुलांसाठी तो केला, त्यांतल्या कितीतरी जणांच्या गावात तेव्हा वाय-फाय होतं कुठे? यंत्र स्वस्त झालं, पण तार त्या मुलापासून लांबच संपत होती. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, ४जी डेटा स्वस्त झाला आणि तो टप्पा टॉवरने भरून काढला.

तेव्हा इथून आईवडिलांसाठी टॅब्लेट नेणार असाल तर तीन गोष्टी बघा. एक, सिम किंवा ई-सिमची सोय आहे ना? दोन, माहितीपत्रकात ४जीचे बँड ३, ५ आणि ४० आहेत ना? भारतात त्यांचा वापर भरपूर आहे. तीन, गावातल्या घरात, ज्या खोलीत ते बसतात त्याच खोलीत, कुठल्या कंपनीची रेंज येते हे आधी फोनवर विचारून घ्या. जाड दगडी भिंतीपुढे ५जीची जाहिरात चालत नाही.

इथल्यासाठीही एक सूचना. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात रोमिंगचा जादा आकार गेला, पण ब्रिटन आता त्या संघात नाही. उत्तर आयर्लंडच्या सीमेजवळ टॅब्लेट गुपचूप पलीकडचा टॉवर पकडतो, तेव्हा आपल्या कंपनीचे नियम आधी बघून ठेवा. आणि होलीहेडच्या फेरीत बसताना मोबाईल डेटा बंद करा. भर समुद्रात जहाजाचं नेटवर्क उपग्रहावरून चालतं, ते त्या सवलतीत येत नाही.

लहरी, बँड, गिगाहर्ट्झ हे सगळं विसरलात तरी चालेल. दुकानात उभे असताना फक्त ज्याच्या हातात तो टॅब्लेट जाणार आहे ते माणूस दुपारी तीन वाजता कुठे बसलेलं असतं ते आठवा. तिथपर्यंत काय पोचतं तेच विकत घ्या.

चला, मसालेभात थांबलाय. सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!