दुधातील प्रथिने आणि पेशीच्या दारावरचा निरोप
(दूध उत्पादकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिरूर आणि दौंड तालुक्यांत उसाच्या जोडीला दुधाचा धंदा मोठा आहे. शेजारी उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली बाएफ संस्था स्थापन केली. तिच्या कामातून या पट्ट्यात संकरित गाई लवकर आल्या आणि दूध वाढले. पण आता नुसते लिटर मोजून भागत नाही. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. एसएनएफ त्याखाली गेला की पैसे कापले जातात. या साडेआठ टक्क्यांत तीन ते सव्वातीन टक्के प्रथिने असतात आणि त्यांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते.

"सरकी पेंड वाढवली, तरी एसएनएफ हलत नाही. असे का?" हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर कासेतील पेशीत आहे.

निरोप दारावरच थांबतो

कासेत डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य दूधपेशी असतात. रक्तातून आलेल्या अमिनो आम्लांपासून त्या केसीन बनवतात. मात्र कच्चा माल आला म्हणून काम सुरू होत नाही. घोडच्या किंवा मुठेच्या कालव्याला पाणी आले, तरी हुकूम आल्याशिवाय पाटकरी चारीचे दार उघडत नाही. तसेच हे आहे.

पेशीला हुकूम देतात ती संप्रेरके. त्यांतील प्रोलॅक्टिन आणि इन्सुलिन ही पेशीच्या आत शिरून काम करत नाहीत. पेशीच्या आवरणावर काही खास प्रथिने बसवलेली असतात. त्यांचे एक टोक बाहेर आणि दुसरे आत असते. त्यांना ग्राही म्हणतात. प्रत्येक ग्राही आपल्या ठरावीक संप्रेरकालाच ओळखतो.

प्रोलॅक्टिन बाहेरच्या टोकाला चिकटले की आतल्या टोकाशी असलेले विकर जागे होते. ते स्टॅट-५ नावाच्या प्रथिनावर फॉस्फेटची खूण करते. खूण झालेले स्टॅट-५ केंद्रकात जाते आणि केसीनच्या जनुकाची नक्कल काढण्याचे काम सुरू करते. त्या नकलेवरून रायबोसोमवर केसीन तयार होते. स्टॅट-५ हे प्रथिन १९९४ साली कासेच्या पेशींवरील अभ्यासातूनच पुढे आले, ही आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

इन्सुलिनचा ग्राही वेगळा असतो. त्याचा निरोप प्रामुख्याने रायबोसोमचे काम वाढवतो. पण पेशी त्याच वेळी अमिनो आम्ले पुरेशी आहेत का, हेही पाहते. दोन्ही गोष्टी जुळल्या, तर प्रथिन भरपूर बनते.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९९० च्या दशकात याची परीक्षा झाली. गाईंच्या रक्तातील साखर स्थिर ठेवून इन्सुलिन वाढवले, तेव्हा दुधातील प्रथिने वाढली. सोबत पोटात जादा प्रथिन पोचवले, तेव्हा ती आणखी वाढली. याचा अर्थ गाईला इन्सुलिन टोचावे असा मुळीच नाही. गाईच्या शरीरात ते योग्य खुराकातून वाढते, एवढाच बोध घ्यावा.

पेंडीने काम का होत नाही

गाईच्या रक्तातील इन्सुलिन मुख्यतः ऊर्जेवर अवलंबून असते. मक्याच्या भरड्यातील पिष्टापासून कोठीपोटात प्रोपिऑनिक आम्ल बनते, यकृतात त्याची साखर होते आणि इन्सुलिन वाढते. वाळलेले वाढे आणि कडबा यांवर पोट भरलेल्या गाईला नुसती पेंड दिली, तर कच्चा माल आला पण निरोप नाही, अशी स्थिती होते. जादा प्रथिनातील नत्र युरियावाटे लघवीतून जाते आणि पेंडीचे पैसेही त्याबरोबर जातात.

नुकत्याच व्यालेल्या गाईतही हेच घडते. दूध वाढते, पण तिचे खाणे मागे राहते. अंग झिजते, इन्सुलिन खाली राहते आणि प्रथिनांचे प्रमाण घटते. उन्हाळ्यात धाप लागलेली गाय कमी खाते, तेव्हाही एसएनएफ घसरतो.

ऑक्सिटोसिनबद्दल

इंजेक्शनने दूध वाढते, असा समज अजून आहे. ऑक्सिटोसिनचे ग्राही दूधपेशीभोवतीच्या आकुंचन पावणाऱ्या पेशींवर असतात. त्यामुळे तयार दूध पिळून बाहेर येते, नवे केसीन त्याने बनत नाही. गाय शांत असेल आणि कास धुऊन चोळली, तर हेच संप्रेरक आपोआप सुटते आणि ती पान्हा सोडते. कास हाताळल्याने प्रोलॅक्टिनही स्रवते. घाबरलेल्या गाईत मात्र पान्हा अडतो. गाईला अपाय करणारे इंजेक्शन दुधासाठी देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

काय करावे

१. पेंड एकटी देऊ नका. मका किंवा ज्वारीचा भरडा, पेंड, कोंडा आणि खनिज मिश्रण यांचे आंबोण द्या. शरीरपोषणाशिवाय दर लिटर दुधामागे सुमारे ४०० ग्रॅम आंबोण धरा.
२. भरडा एकदम वाढवू नका. दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवा, नाहीतर पोटात आम्लता होऊन फॅट घटते.
३. वाढ्यांवर भिस्त ठेवू नका. मक्याचा मुरघास आणि लसूणघास यांची जोड द्या.
४. गाय विण्यापूर्वी ६० दिवस आटवा. या काळात दूधपेशी नव्याने तयार होतात.
५. धार ठरल्या वेळी, मारहाण न करता, पान्हा सुटल्यावर पाच ते सात मिनिटांत संपवा.
६. उन्हाळ्यात सावली आणि दिवसभर पाणी द्या. वैरण पहाटे आणि रात्री टाका.

खुराकात बदल करण्याआधीच्या पंधरा दिवसांच्या संकलन केंद्राच्या पावत्या जपून ठेवा आणि नंतरच्या पावत्यांशी ताडून पाहा. गाईला बदल मानवला की नाही, हे त्यांतील एसएनएफच्या आकड्यावरून आपले आपल्यालाच समजेल.