भाकरीतले लोह आणि दाण्यातले कुलूप

(जालना जिल्ह्यातील राजूर येथे महिला व शेतकरी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



राजूर हे नाव महाराष्ट्राला परिचित आहे ते श्रीराजुरेश्वर गणपतीमुळे. अंगारकीला येथे लोटणारी गर्दी मी आपल्याला सांगावी असे नाही. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो मात्र चुलीपुढचा आहे, आणि त्याचे नाव ऐकून कोणी उठून जाऊ नये अशी माझी विनंती आहे. इनॉसिटॉल नावाच्या द्रव्याची संयुगे आणि त्यांवर काम करणारी विकरे, असा हा विषय. मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे प्रयोगशाळेच्या भाषेचा मोह मला पडण्याचे कारण नाही. जे मला घरच्या भाषेत समजले तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

आरंभ एका विसंगतीपासून करू. बाजरी हे लोहाने समृद्ध धान्य आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांप्रमाणे शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमहून अधिक लोह असते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते एक मिलिग्रॅमदेखील भरत नाही. ज्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या भाकरी खाल्ली गेली, तेथे रक्तक्षयाचे नावही नसावे असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे तो उतरला नाही, चढला. पाच वर्षांखालील बालकांची स्थिती तर याहून बिकट आहे.

रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. मासिक पाळी, लागोपाठची बाळंतपणे, पोटातील जंत, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, आणि घरातील सर्वांची ताटे वाढून झाल्यावर उरेल ते स्वतः खाण्याची आपल्या मायभगिनींची रीत, ही सारी त्यात येतात. परंतु पोटभर भाकरी खाणाऱ्या बाईच्याही रक्तात लोह का पोहोचत नाही, या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग त्या दाण्यातच दडलेला आहे.

१८५० साली शेरर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मांसाच्या अर्कातून एक गोडसर पदार्थ वेगळा काढला. स्नायूसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव इनॉसिटॉल पडले. कार्बनच्या सहा अणूंचे हे एक कडे आहे. त्या कड्याला सहा खुंट्या आहेत असे समजा. प्रत्येक खुंटीवर फॉस्फेट अडकवता येते. फॉस्फेट म्हणजे खताच्या पोत्यावर आपण ज्याला स्फुरद म्हणतो त्याचेच एक रूप. सहाही खुंट्या भरल्या की जे संयुग तयार होते त्याला फायटिक आम्ल म्हणतात. या सहा फॉस्फेटांची लोह, जस्त आणि कॅल्शियम यांच्यावरची पकड इतकी घट्ट असते की आतड्यात एकदा ही मिठी बसली म्हणजे लोह अन्नाबरोबर आत येते आणि मळाबरोबर बाहेर जाते.

यात दाण्याचा दोष नाही. आपल्या वाडवडिलांनी पुढच्या वर्षाचे धान्य पेवात घालून ठेवले, तसे रोप आपल्या पिल्लासाठी स्फुरद बियाण्यात साठवून ठेवते. बियाण्यातील एकूण स्फुरदाचा साठ ते ऐंशी टक्के भाग या एका संयुगात असतो. लोह, जस्त, मॅग्नेशियम, पालाश हेही त्याच पेवात. बी रुजत घातले, ओल लागली, की पेव उघडण्याची वेळ येते, आणि ते उघडण्याचे काम एक विकर करते.

विकर म्हणजे काय, हे बाजरी दळणाऱ्या भगिनींना निराळे सांगावयास नको. बाजरीचे पीठ आठ दिवस डब्यात राहिले की कडू लागते. म्हणून तर बाजरीचे दळण थोडे थोडे नेतात. दाण्यातील तेल फोडणारे एक विकर दळताना त्या तेलाशी भिडते आणि आपले काम सुरू करते. आपल्याला दिसत नाही, पण चव बिघडते. पेशीतील प्रत्येक लहानसहान घडामोडीला असा एक नेमून दिलेला कामगार असतो. इनॉसिटॉलच्या खुंट्यांवर फॉस्फेट चढवणारी विकरे निराळी आणि उतरवणारी निराळी. फायटिक आम्लावरील फॉस्फेट उतरवणाऱ्या विकराला फायटेज म्हणतात. १९०७ साली जपानमध्ये सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाताच्या कोंड्यात ते प्रथम ओळखले.

गाई-म्हशींच्या पोटातील सूक्ष्म जीव हे विकर भरपूर तयार करतात, त्यामुळे त्यांना कडब्या-पेंडीतील स्फुरद मिळते. कोंबडीला मात्र ते साधत नाही. भोकरदनच्या शिवारातील मका कोंबडीखाद्याच्या कारखान्यात जातो, त्यात सोयाबीनची पेंड मिसळते, आणि दोहोंतील बरेचसे स्फुरद कोंबडीच्या विष्ठेतून वाया जाते. म्हणून काळ्या बुरशीपासून मिळवलेले फायटेज १९९१ पासून जगभर खाद्यात मिसळू लागले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही या बुरशीच्या फायटेजवर संशोधन झाले आहे. कोंबडीच्या आहाराची इतकी काळजी घेतली जाते याचे मला कौतुक वाटते, आणि थोडी खंतही. कारण या बाबतीत माणूस गाईसारखा नसून कोंबडीसारखा आहे. आपल्या आतड्यातील फायटेज अगदीच अपुरे पडते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर इनॉसिटॉल हे काही विष आहे असा समज व्हायचा. ते आपल्या प्रत्येक पेशीत आहे, आणि आपले मूत्रपिंड ते रोज काही ग्रॅम तयार करते. पेशीच्या पातळ आवरणात त्याचे एक फॉस्फेटयुक्त रूप बसलेले असते. बाहेरून एखाद्या संप्रेरकाचा निरोप आला की एक विकर तेथून तीन फॉस्फेटांचा तुकडा कापून आत सोडते. तो तुकडा पेशीच्या आतील कॅल्शियमच्या कोठाराचे दार उघडतो, आणि पेशी कामाला लागते. स्वादुपिंडाच्या पेशींवरील प्रयोगांतून हे १९८३ साली सिद्ध झाले. निरोप पोहोचल्यावर दुसरी विकरे फॉस्फेट एकेक करून उतरवतात आणि मोकळे इनॉसिटॉल पुन्हा वापरात येते. मनोविकारावर दिले जाणारे लिथियम हे औषध यांतील शेवटचे फॉस्फेट उतरवणाऱ्या विकरालाच अडवते. त्याच्या गुणाचे एक कारण यातच असावे असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. पोटात जे कुलूप ठरते त्याच कुळातले द्रव्य पेशीत निरोप्याचे काम करते. फरक एवढाच, की पेशीजवळ ते चढवण्या-उतरवण्याची विकरे आहेत आणि आतड्याजवळ ती पुरेशी नाहीत.

मग ती आणावयाची कोठून? या प्रश्नाशी इतर देशही झगडले आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कोंड्यासकट पिठाचा पाव लोकांना खावा लागला. मॅकन्स आणि विडोसन या दोन संशोधकांनी १९४२ साली दाखवून दिले की या पावातून कॅल्शियम कमी शोषले जाते, आणि पिठातील फायटिक आम्ल काढले तर शोषण सुधारते. तेथील सरकारने पुढे पिठात खडूची पूड मिसळण्याचा उपाय योजला. इराणमध्ये डॉ. आनंद प्रसाद या मूळच्या बिहारच्या डॉक्टरांना वीस वर्षांचे होऊनही लहान मुलासारखे दिसणारे तरुण आढळले. १९६१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. या तरुणांचा आहार मुख्यतः न आंबवलेल्या रोटीचा होता, आणि त्यांच्या खुंटलेल्या वाढीमागे जस्ताची उणीव असल्याचे पुढे निष्पन्न झाले.

न आंबवलेली रोटी म्हटले की आपली भाकरी डोळ्यांपुढे येते. पीठ मळले, थापले, तव्यावर टाकले. दाण्यात थोडेफार फायटेज असते, पण त्याला वेळच मिळत नाही. पाणी लागून पाच मिनिटे होत नाहीत तोच तव्याच्या आचेने ते निकामी होते. शिवाय गव्हाच्या मानाने ज्वारी-बाजरीत ते मुळातच कमी. या विकराला तीन गोष्टी लागतात : ओल, थोडी आंबट चव आणि पुरेसा वेळ.

हे तिन्ही एकत्र मिळतात अशी वस्तू आपल्या घरात पूर्वीपासून आहे. ती म्हणजे आंबील. ज्वारीचे पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवतात आणि सकाळी शिजवतात. रात्रभरात ताकातील जिवाणू पीठ आंबट करतात, त्या आंबटपणात दाण्याचे फायटेज जोमाने चालते, आणि काही जिवाणू आपल्याकडील विकराचीही त्यात भर घालतात. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आंबील लागतेच. लातूर-धाराशिवकडे वेळा अमावस्येला शेतात मडकीच्या मडकी आंबील होते. वर्षातून दोनदा देवाला जे चालते ते आठवड्यातून चार वेळा घरातल्या सुनेला का चालू नये, हे मला कळलेले नाही. बाजरीच्या पिठाचीही अशी आंबील होते. मात्र ताक घालून लगेच शिजवलेल्या आंबिलीत हा गुण उतरत नाही. रात्र गेली पाहिजे.

दुसरा मार्ग मोडांचा. मटकीला मोड येतात तेव्हा पेव उघडलेले असते, आणि त्याबरोबर क जीवनसत्त्वही वाढते. बाजरी, ज्वारी किंवा नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून तिचे पीठ केले तर तेही उपयोगी पडते. भाजणीचे तसे नाही. धान्य आधीच भाजले की विकर तेथेच संपते. म्हणून मोड आणणे आधी, भाजणे नंतर. बाजरीचा खिचडा करताना ओलवून सडतात, त्यात कोंड्याबरोबर फायटिक आम्लाचा काही भाग जातो, पण लोहाचाही जातो. हा सौदा फारसा फायद्याचा नाही.

आता थोडे सावधपणे बोलले पाहिजे. अर्धे फायटिक आम्ल गेले म्हणजे अर्धे लोह सुटले, असा हिशेब नसतो. जस्ताचा फायदा लवकर दिसतो. लोह मात्र बरेचसे कुलूप निघाल्याखेरीज सहजासहजी सुटत नाही. म्हणून दुसऱ्या बाजूनेही जोर लावावा लागतो. क जीवनसत्त्व लोहाला फायटिक आम्लाच्या हातून सोडवून आतड्यापर्यंत नेते. ते जेवणातच असले पाहिजे, दोन तासांनी नव्हे. भाकरीबरोबर लिंबाची फोड, आवळा, पेरू, किंवा आपल्या जिल्ह्याची मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या ट्रकांच्या ट्रका बाहेरगावी जातात, तेव्हा दोन फळे घरच्या गरोदर लेकीच्या ताटाशेजारी राहावीत. चहाचे याच्या नेमके उलट आहे. जेवणावर लगेच घेतलेला चहा लोह अडवून ठेवतो. तो तासभर तरी लांबवावा.

हिशेब किती तुटीचा आहे पहा. तीनशे ग्रॅम बाजरीत सुमारे एकोणीस मिलिग्रॅम लोह. भारतीय आहारातून स्त्रीच्या शरीरात त्याचा शेकडा आठ भाग शोषला जातो असे धरून राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली तिची दररोजची गरज २९ मिलिग्रॅम ठरवली. म्हणजे शरीरात सव्वादोन मिलिग्रॅमच्या आसपास उतरावे लागते. एकोणीस मिलिग्रॅमपैकी उतरते ते जेमतेम दीड. शोषण शेकडा आठावरून बारावर गेले तर त्याच भाकऱ्यांत ही तूट भरून निघते.

शेतकरी बंधूंसाठीही यात एक वाटा आहे. आफ्रिकेतील टोगो देशाच्या उत्तर भागातील टपोऱ्या दाण्याच्या बाजरीतून निवड करून हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने एक वाण तयार केला, तो १९८८ साली महाराष्ट्रात प्रसारित झाला. त्यातूनच पुढे निवडलेला ‘धनशक्ती’ हा वाण २०१४ साली देशभरासाठी प्रसारित करण्यात आला. त्याच्या किलोभर दाण्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. लोहयुक्त बाजरीची परीक्षा महाराष्ट्रातच झाली. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात बारा ते सोळा वयाच्या २४६ मुलामुलींना दोन गटांत वाटून एकाला साध्या आणि दुसऱ्याला लोहयुक्त बाजरीच्या भाकऱ्या दिवसातून दोनदा देण्यात आल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, ज्यांच्या अंगात आरंभी लोहाची उणीव होती त्यांच्यापैकी दुसऱ्या गटातील मुलांची ती उणीव सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता पहिल्या गटाच्या १.६४ पट होती. कुलूप तेवढेच ठेवून पेवात माल वाढवण्याचा हा मार्ग आहे, आणि तो चालतो. बियाणे घेताना केवळ उताऱ्याकडे न पाहता घरापुरत्या दोन काकऱ्या तरी या वाणाच्या पेरून पहाव्यात.

जाता जाता एक सूचना. येथे आशाताई आणि अंगणवाडीताई बसल्या आहेत, त्यांच्याकडून गरोदर स्त्रीला लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी मिळते. ती रोज एक याप्रमाणे १८० दिवस घ्यावयाची असते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आहे. रक्त फार उतरलेले असेल तर आंबिलीने ते काम होणार नाही, गोळी घ्यावीच लागते. ती चहाबरोबर घेऊ नये, भाकरीच्या पहिल्या घासाबरोबरही नको. जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.