उन्हाळी लागली, एवढंच?



आज मी लघवीबद्दल बोलणार आहे. मागे कुणी हसलं, हरकत नाही. मीही हा शब्द डॉक्टरसमोर खूप दिवस पुटपुटतच होते.

पीएच.डी.च्या फील्डवर्कसाठी मी कंत्राटी सफाई कामगार बायांबरोबर पहाटेपासून रस्त्यावर असायचे. अख्खं शहर झाडणाऱ्या या बायांना स्वतःला जायला जागा नव्हती. म्हणून त्या घरून निघताना पाणीच पीत नसत. मीही तेच शिकले. महिनाभरात जळजळ, दर दहा मिनिटांनी घाई, ओटीपोटात दुखणं. आईला फोन केला तर म्हणाली, "उन्हाळी लागली, सब्जा घे." मेडिकलवाल्याने अँटिबायोटिक दिलं. दोन दिवसांत बरं वाटलं, उरलेल्या गोळ्या जपून ठेवल्या. शिल्लक काही फेकायची आपल्या घरात रीत नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा त्याच गोळ्या.

चौथ्या वेळी सरकारी दवाखान्यातल्या मॅडमनी विचारलं, "कल्चर केलंय का कधी?" मला वाटलं, संस्कृतीबद्दल विचारतायत. समाजशास्त्रवालीला दुसरं काय वाटणार!

तर कल्चर म्हणजे लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवायचे आणि कोणतं औषध त्यांना मारतं ते बघायचं. नमुना गोळी सुरू करण्याआधी द्यायचा. पहिली धार सोडून मधली, निर्जंतुक डबीत, आणि डबी लगेच पोचवायची. अहवाल दोन-तीन दिवसांत येतो. माझ्यात ई. कोलाय निघाला, बहुतेकींत तोच असतो. मी घेत होते त्या औषधापुढे 'रेझिस्टंट' लिहिलं होतं. म्हणजे मी कोर्स पूर्ण केला असता तरी उपयोग नव्हता. इतके महिने मी स्वतःलाच दोष देत होते.

सहा महिन्यांत 2 वेळा किंवा वर्षात 3 वेळा संसर्ग झाला तर त्याला डॉक्टर 'वारंवार होणारा' म्हणतात. तेव्हा चिठ्ठीशिवाय चौथी स्ट्रिप घेऊ नका, कल्चर मागा. आणि कल्चर कोरं आलं, तरी त्रास आहे? मग कदाचित जंतुसंसर्ग नसेलच. मुतखडा, योनीतला बुरशीचा संसर्ग, लैंगिक संबंधातून येणारा आजार, मूत्राशयाचंच दुखणं, काहीही असू शकतं. लघवीत पू-पेशी सापडतायत पण जंतू वाढत नाहीत, असं असेल तर टीबीचाही विचार करावा लागतो. जळजळीच्या सायरपने आराम पडतो, जंतू मरत नाहीत. थंडी वाजून ताप, पाठीत बरगडीखाली दुखणं, उलट्या असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. संसर्ग किडनीपर्यंत गेलेला असू शकतो. गरोदर बाईने तर साध्या जळजळीलाही थांबायचं नाही.

आता पाणी. 2018 साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या 140 बाया घेतल्या. त्यातल्या निम्म्यांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं, त्यांचे संसर्ग इतरांच्या जवळपास निम्म्यावर आले. औषध फुकटचं आहे. पण हा सल्ला देणारा एक गोष्ट गृहीत धरतो, की प्यायलेलं पाणी सोडायला तुमच्याजवळ जागा आहे. झाडूवाल्या बाईला "पाणी पी" सांगून घरी पाठवणं म्हणजे अर्धीच चिठ्ठी लिहिणं. ती जागा कुणाला मिळते आणि ती कोण धुतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

केरळात कोझिकोडच्या मिठाई थेरुवूमध्ये दुकानांतल्या कामगार बायांना हेच भोगावं लागत होतं. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईने त्यांना एकत्र केलं, संडासाच्या मागणीपासून. त्याच लढ्यातून पुढे बसण्याचा हक्क आला, 2018 मध्ये केरळ सरकारने कायदा बदलला. लाज वाटते म्हणून त्या गप्प बसल्या असत्या तर?

आपल्या विभागातलं दुसऱ्या मजल्यावरचं लेडीज टॉयलेट चारनंतर कुलपात असतं आणि लायब्ररी रात्री दहापर्यंत उघडी. अर्ज लिहून आणलाय, एकोणीस सह्या झाल्यात. कागद मागच्या बाकावर आहे, पेनही ठेवलंय.