चिनी शाळेतली डोळ्यांची कवायत



चीनमधल्या प्राथमिक शाळेत
परदेशी शिक्षक बहुधा इंग्रजी शिकवतो.

सोमवारी सकाळी झेंडावंदन.
मुलांच्या गळ्यात लाल रुमाल.
हे आपल्याला फारसं नवं नाही.

खरी गंमत पुढे.
मध्येच ध्वनिक्षेपकावर संगीत लागतं.
सगळा वर्ग डोळे मिटतो.
मुलं भुवया चोळतात,
नाकाचा वरचा भाग दाबतात.

ही डोळ्यांची कवायत.
चष्मा लागू नये म्हणून
१९६०च्या दशकात सुरू झालेली.

उपयोग किती, यावर वाद आहे.
चष्मे तर वर्गावर्गात दिसतात!

पण पाहुण्या शिक्षकानं एक ध्यानात ठेवायचं.
कवायत सुरू, शिकवणं बंद.
धडा कितीही रंगलेला असो,
कवायत सुरू, शिकवणं बंद.

दुपारी जेवणानंतर
बऱ्याच शाळांत मुलं बाकावरच
डोकं टेकवून झोपतात.
शिक्षकही डुलकी काढतात, बरं का!