खडकातील कंद, कुंडीतील माती



सह्याद्रीच्या कातळसड्यांवर कंदीलपुष्पाच्या काही दुर्मीळ जाती आढळतात. पावसाळ्यात कंदाला कोंब फुटतो, फुले येतात. पाऊस सरला की वेल सुकून कंद भूमिगत निद्रा घेतो. रोपवाटिकेत बियांपासून वाढविलेले असे तीन कंद आम्ही मोठ्या हौसेने दिल्लीस आणले, शेणखत घातलेल्या काळ्याभोर मातीत लावले, आणि श्रावण सरण्यापूर्वीच दोन गमावले. कुंडी उलटविली तेव्हा हाती चिखलच आला.

सड्यावरील माती उथळ; पाऊस कितीही कोसळो, पाणी उतारावरून व भेगांतून वाहून जाते. कुंडीतील बारीक मातीत ते कणाकणांत अडकते, हवेला वाट उरत नाही व कंद कुजतो. तळाशी खापऱ्यांचा थर आम्ही दिलाच होता. परंतु बारीक मातीतील पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, थराच्या वरच थबकते. म्हणजे ओल कंदाच्या अधिकच जवळ येते! निचरा हवा तो सबंध मिश्रणात.

आता आम्ही विटांचे वाटाण्याएवढे तुकडे दोन भाग, धुतलेली जाड वाळू एक भाग व पानांचे जुने खत एक भाग घेतो. विटांची भुकटी चाळून काढणे हेच खरे काम. (त्यासाठी स्वयंपाकघरातील चाळणी घेऊ नये, हा स्वानुभव!) वीट थोडी ओल धरून ठेवते, ते वाळूला साधत नाही. वेल सुकताच पाणी बंद.

या मिश्रणात तिसऱ्या कंदाने तीन पावसाळे काढले आहेत. फूल मात्र अद्याप आलेले नाही.